वाळल्या फांदीवरचे लाल ठिपके

वळीव जोरात झाला की गगनबावड्याच्या, दाजीपूरच्या आणि आंबा घाटाच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी फांद्या पडलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याचशा झाडावरच दोन-तीन वर्षांपूर्वी वाळलेल्या असतात आणि वाऱ्याचं निमित्त होऊन खाली येतात. जळण वेचणाऱ्या बायका त्या हातात तोलून बघतात. हलकी लागली, वाजली, तर भाऱ्यात जाते. अशाच एखाद्या मनगटाएवढ्या फांदीवर पांढुरका, राखाडी पापुद्रा पसरलेला दिसतो आणि त्यावर कुंकवात बुडवलेल्या काडीनं टिंबं द्यावीत तसे लाल ठिपके. एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरपासून फार तर दोन मिलिमीटरपर्यंत. चालता चालता दिसत नाही. फांदी उचलून डोळ्यांजवळ नेली तरच दिसतो, आणि एकदा दिसला की मग त्या वाटेवरच्या दर तिसऱ्या फांदीकडे वाकून बघायची सवय लागते.

हे शैवाक. शैवाल आणि कवक (म्हणजे बुरशी) या दोन शब्दांच्या जोडणीतून हा शब्द तयार झाला आणि जीवाची घडणही तशीच आहे. कवक घर बांधतं, हिरवं शैवाल त्या घरात बसून उन्हावर अन्न तयार करतं. श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानं १८६७ मध्ये ही गोष्ट मांडली तेव्हा त्या काळच्या नामवंत शैवाक-अभ्यासकांनी ती धुडकावून लावली होती. मराठीत मात्र ज्यानं कुणी हा शब्द घडवला त्यानं ते सगळं भांडण तीन अक्षरांत मिटवून टाकलं.

कोल्हापूरच्या घरांना शैवाक परकं नाही. कांदा-लसूण मसाल्यात खोबरं, तीळ, धणे यांच्याबरोबर जे दगडफूल पडतं, ते शैवाकच. नावात दगड असला तरी बाजारात येणारं पुष्कळसं दगडफूल झाडांच्या सालीवरून काढलेलं असतं. वरून राखाडी, खालून काळं, कडांना सुरकुतलेलं. ते पानासारखं सुटं वाढतं म्हणून हातानं सोलून निघतं. लाल ठिपक्यांची बहुतेक शैवाकं मात्र सालीला किंवा लाकडाला रंगाच्या लेपासारखी चिकटलेली असतात. सोलायला गेलं तर साल निघेल, शैवाक निघणार नाही.

लाल ठिपक्याला फळ म्हणायची पद्धत आहे, पण ते फळ झाडाचं नाही आणि शैवालाचंही नाही. ते कवकाचं. त्या चकतीच्या वरच्या थरात लांबट पिशव्या उभ्या रचलेल्या असतात आणि दर पिशवीत बहुधा आठ बीजाणू, म्हणजे कवकाचं बारीक बी. लाल रंग या थराच्या माथ्यावर बसलेल्या रंगद्रव्याचा. तो कवक स्वतः तयार करतं, लाकडातून घेत नाही. लाकडातून शैवाक अन्नही घेत नाही. फांदी शैवाकानं वाळली अशी समजूत खेड्यापाड्यांत आणि बागाईतदारांतही आहे, ती चुकीची आहे. शैवाकाला बसायला जागा लागते, ऊन लागतं आणि अधूनमधून ओल लागते. फांदीची पानं गळाली की ऊन वाढतं, म्हणून मरत्या फांदीवर शैवाक जास्त दिसतं. दोष मात्र त्याच्यावर जातो.

आता ओळख. इथे पहिली अडचण अशी, की लाल रंगच नजर ओढून घेतो आणि लाल रंगच सगळ्यात जास्त फसवतो.

पावसाच्या तोंडाला वाळक्या लाकडावर लाल दिसणाऱ्या गोष्टी कितीतरी असतात. मखमली लाल मृगाचा किडा सोडून देऊ, तो चालतो. पण ओल्या ओंडक्यावर ज्वारीच्या किंवा वाटाण्याच्या दाण्याएवढे गुलाबी-लाल गोळे दिसले आणि बोटानं दाबल्यावर आतून गुलाबी लगदा आला, तर ते लायकोगाला नावाचं श्लेष्मकवक. दोन-चार दिवसांत ते तपकिरी पडतं आणि फुटून धूळ उडते. शैवाकाची चकती चार दिवसांत काय, चार महिन्यांतही फारशी बदलत नाही. नारिंगी-लाल, पातळ, पंख्यासारखा कठीण तुकडा लाकडातून आडवा बाहेर आला असेल आणि खालच्या बाजूला सुईच्या टोकाएवढी भोकं असतील, तर ती पिक्नोपोरस ही लाकूड खाणारी बुरशी. वाळक्या लाकडावर ती उघड्या जागी सर्रास दिसते. ओल्या, कुजक्या लाकडावर लाल वाट्या असतील आणि त्यांच्या कडेला पापण्यांसारखे काळे केस असतील, तर तीही बुरशीच. सालीवर केशरी-विटकरी मखमल पसरली असेल, नखानं खरवडल्यावर भुकटी निघत असेल आणि कुठेच चकत्या नसतील, तर ते ट्रेंटेपोलिया. नाव हिरव्या शैवालांच्या यादीत, रंग मात्र केशरी, कारण गाजराच्या रंगाच्या जातीची द्रव्यं त्याच्या पेशींत साठलेली असतात. पन्हाळ्याच्या जुन्या भिंतींवर पावसाळ्यानंतर दिसणारी केशरी झाकही बहुतेकदा याचीच.

खरी गल्लत होते ती नेक्ट्रियाच्या जातकुळीतल्या बुरशीशी. नुकत्याच वाळलेल्या फांदीची साल फोडून मोहरीपेक्षाही बारीक लाल गोळ्यांचे झुपके बाहेर येतात. रंग तोच, आकार तोच, जागा तीच. दहापट भिंगातून बघितलं तर फरक स्पष्ट होतो. नेक्ट्रियाचं फळ गोल आणि माथ्यावर बारीक छिद्राचं, शैवाकाचं फळ सपाट किंवा किंचित फुगीर चकती. नेक्ट्रियाच्या भोवती सालच असते. शैवाकाच्या चकतीभोवती पापुद्रा असतो आणि तो ओला करून नखानं हलका खरवडला की खालून हिरवा रंग उघडा पडतो. हिरवं दिसलं म्हणजे शैवाल आहे. फक्त एक काळजी घ्यायची. ओल्या सालीवर सुटं शैवालही असतं, तेव्हा खरवडायचं ते चकतीला लागून, पापुद्र्याच्या मध्यात. पापुद्र्याच्या बाहेर हिरवं निघालं तर त्याचा काही उपयोग नाही.

भिंग कसं धरायचं हे सांगणं क्षुल्लक वाटेल, पण निम्म्या चुका इथेच होतात. सोनाराकडचं दहापट भिंग पुरतं. ते डोळ्याला लावायचं, अगदी पापणीला टेकेल इतकं, आणि फांदी भिंगाकडे आणायची. भिंग फांदीवर धरून लांबून बघितलं तर दिसतो तो लाल डाग, कड दिसत नाही. आणि सगळी ओळख कडेवर आहे.

तर कड. लाल चकतीभोवती पापुद्र्याच्याच रंगाची पांढरी किंवा राखाडी कड असेल, जणू पांढऱ्या ताटलीत कुंकू ओतलंय, तर विचार हीमॅटोमा या शैवाकाचा करायचा. नावातला ‘हीमा’ म्हणजे ग्रीकमध्ये रक्त. ही कड शैवाकाच्या अंगाचीच असते, तिच्यात शैवाल असतं, म्हणून तिचा रंग पापुद्र्यासारखा. चकतीभोवती अशी कड नसेल, लाल चकती थेट पापुद्र्यावर बसल्यासारखी असेल आणि तिला कड असलीच तर ती तिच्याच लाल रंगाची असेल, तर रॅम्बोल्डिया रसुला. जगभरच्या उष्ण पट्ट्यात ही जात आहे. जुन्या भारतीय याद्यांत ती लेसिडिया रसुला म्हणून सापडते, मधल्या काळात पायरोस्पोरा रसुला म्हणून, आणि २००८ पासून रॅम्बोल्डियात. तीन नावं म्हणजे तीन जाती असं समजून याद्या फुगवलेल्या पाहायला मिळतात, म्हणून हे सांगणं आलं.

कडेच्या बाबतीत एक खोड आहे. हीमॅटोमाची चकती म्हातारी झाली की फुगते आणि पांढरी कड तिच्याखाली दडते. कोवळी असताना उलट, कड इतकी जाड की लाल जेमतेम दिसतं. म्हणून एका चकतीवर निकाल द्यायचा नाही. फांदीवरच्या वीस-पंचवीस चकत्या बघायच्या आणि मधल्या वयाच्या, म्हणजे सपाट, पूर्ण उघडलेल्या चकत्यांवरून ठरवायचं. गोगलगायींनी वरचा थर खाल्लेल्या चकत्याही असतात. त्यांची कड शाबूत, आत फिकट खड्डा. त्या सोडून द्यायच्या.

चकत्या लालपेक्षा गंजाच्या किंवा केशरी रंगाच्या वाटत असतील तर लेट्रुइटिया, ब्रिगँटिया आणि कॅलोप्लाका या शैवाकांच्या गोतावळ्यात शिरावं लागतं. केशरी आणि लाल यांतला फरक सावलीत, दुपारी बाराच्या उन्हात आणि मोबाइलच्या पडद्यावर तीन वेगवेगळ्या ठिकाणी पडतो. ढगाळ उजेडात, पांढऱ्या कागदाशेजारी धरून ठरवलेला रंग त्यातल्या त्यात विश्वासाचा. चकत्या मुळीच नाहीत आणि पापुद्र्याची फक्त किनार लालभडक आहे, असंही एक शैवाक उष्ण जंगलांत असतं, हर्पोथॅलॉन. त्याला फळ समजून घोटाळा होतो, पण तिथे लाल आहे ती वाढती कड, कापसासारखी भुरभुरीत.

आणि मग क्लॅडोनिया. लाल फळांचं शैवाक म्हटलं की इंटरनेटवर पहिलं चित्र येतं ते याचं. एक ते तीन सेंटिमीटर उंचीच्या राखाडी-हिरव्या काड्या, आतून पोकळ, डोक्यावर लाल टोपी, बुडाशी बारीक खवल्यांसारखी पानं. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या क्लॅडोनिया क्रिस्टाटेला या जातीला तिथले लोक ‘ब्रिटिश शिपाई’ म्हणतात, जुन्या इंग्रज पलटणीच्या लाल डगल्यांवरून. फोटोवरून नाव सांगणारी मोबाइल ॲप लाल टिंब आणि लाकूड दिसलं की हेच नाव पुढे करतात. आपल्याकडच्या फांदीवर ती जात नाही. लाल टोप्यांचे क्लॅडोनिया भारतात हिमालयात आणि निलगिरीसारख्या उंच, थंड डोंगरांत भेटतात. ते आम्लधर्मी, कुजून मऊ झालेलं लाकूड, नाहीतर शेवाळानं भरलेली माती पसंत करतात. त्यांच्यात सर्वांत सहज भेटणारी क्लॅडोनिया मॅसिलेंटा. तिच्या काड्यांवर पिठासारखी भुकटी असते आणि लाल टोपी बोथट. ॲपनं काहीही सांगितलं तरी प्रश्न एकच विचारायचा: लाल ठिपका काडीच्या टोकावर आहे की थेट पापुद्र्यावर? काडी नाही, तर क्लॅडोनिया नाही. एवढ्या एका प्रश्नानं बहुतेक चुकीची नावं गळून पडतात.

लाकडाकडे आपण फार कमी बघतो. ठिपका सालीवर आहे की साल गेलेल्या उघड्या लाकडावर, हे नोंदवल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. वाळक्या लाकडाच्या पायऱ्या असतात. पहिली पायरी साल घट्ट असलेली फांदी. तिच्यावर दिसणारं शैवाक बहुधा झाड जिवंत असतानाचंच असतं. हीमॅटोमा मुळात सालीवरचं, त्यामुळे ते मेलेल्या लाकडावर दिसलं तरी त्याला मेलेल्या लाकडाचं शैवाक म्हणता येत नाही. दुसऱ्या पायरीला साल गळून लाकूड उघडं पडतं, उन्हानं चांदीसारखं राखाडी होतं, पण टणक असतं. कुंपणाचे जुने खांब या पायरीवर वर्षानुवर्षं राहतात आणि शैवाक बघायला ते फार चांगले. तिसऱ्या पायरीला लाकूड बोटानं चुरगळतं, पाणी धरून ठेवतं, शेवाळ चढतं. क्लॅडोनियाची जागा ही.

फांदी पडण्याआधीचं शैवाक की नंतरचं, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. पडलेली फांदी न हलवता आधी बघा. ठिपके जमिनीकडच्या बाजूला असतील तर ते झाडावर असताना आलेले, कारण जमिनीकडे तोंड करून, अंधारात, कुणी नव्यानं वाढत नाही. हे महत्त्वाचं अशासाठी, की वळवानं पाडलेली फांदी झाडाच्या शेंड्यातली असू शकते. चाळीस-पन्नास फुटांवरचं, उन्हातलं शैवाक आपल्या पायाशी येतं. एरवी ते बघायला झाडावर चढावं लागलं असतं. मे अखेर ते जून लागेपर्यंतचे ते आठ-पंधरा दिवस म्हणून मोलाचे. जमिनीवर पडून एक पावसाळा गेला की गोगलगायी, वाळवी आणि बुरशी मिळून पापुद्रा ओळखण्यापलीकडे नेतात. पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर, हवा कोरडी आणि शैवाक अजून तजेलदार, हा दुसरा चांगला काळ.

भिंगानं जेवढं कळायचं तेवढं कळलं की रसायनाकडे वळावं लागतं. फ्रान्समध्ये राहणाऱ्या नायलांडर या फिनिश अभ्यासकानं १८६६ मध्ये शैवाकावर रसायनाचा थेंब टाकून रंग बघायची पद्धत आणली आणि ती आजही तशीच चालते. प्रयोगशाळेत लिटमसचा कागद हाताळलेल्या प्रत्येकानं शैवाकाचं रसायन हाताळलेलं आहे. तो रंग रोसेलासारख्या शैवाकांपासूनच काढायचे. घरी दोन बाटल्या पुरतात. पहिली पोटॅशियम हायड्रॉक्साइडची, दहा टक्क्यांची. १०० मिलिलिटर द्रावणाला १० ग्रॅम पापडी. पापडी पाण्यात थोडी थोडी टाकायची, पापडीवर पाणी ओतायचं नाही, कारण एकदम उष्णता निघून उसळी येते. चष्मा आणि हातमोजे हवेतच. बाटली प्लॅस्टिकची घ्या. काचेच्या बाटलीचं काचेचं बूच या द्रावणानं कायमचं चिकटून बसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते हळूहळू निकामी होतं, म्हणून सहा महिन्यांनी नवं करावं. दुसरी बाटली कपड्यांच्या ब्लीचची, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटची, सुवासाचं काही न घातलेली, ताजी. ती अंधारात ठेवायची आणि ॲसिडच्या कुठल्याही बाटलीशेजारी ठेवायची नाही. दोन्ही मिसळले तर क्लोरीन वायू निघतो. तिसरं एक रसायन अभ्यासक वापरतात, पॅराफिनिलीनडायअमीन. ते विषारी आहे, डाग पाडतं आणि त्याची वाफ घेणं धोक्याचं. ते प्रयोगशाळेतच राहू द्यावं.

हात बसवायला दुर्मीळ नमुना खर्ची घालू नये. मसाल्याच्या दुकानातून दहा रुपयांचं दगडफूल आणावं. त्यात परमोट्रेमाच्या दोन-तीन जातींची सरमिसळ असते. एका तुकड्याच्या वरच्या पृष्ठावर पोटॅशचा, म्हणजे पहिल्या बाटलीतल्या द्रावणाचा, बारीक थेंब ठेवला की पिवळा रंग येतो. तो ॲट्रानोरिन या द्रव्याचा. मग ब्लेडनं वरचा थर अलगद खरवडायचा, खाली पांढरा गाभा दिसेल, त्यावर ब्लीच. काही तुकड्यांत तिथे क्षणात लाल रंग येतो आणि बघता बघता उडून जातो. परमोट्रेमा टिंक्टोरम या जातीतल्या लेकॅनोरिक आम्लाचा तो लाल. काही तुकड्यांत काहीच होत नाही, म्हणजे ती जात वेगळी. असे वीस तुकडे केले की थेंब केवढा हवा, किती वेळ थांबायचं, हे हाताला कळतं. नवी द्रावणं बिघडली की नाही हे तपासायलाही हेच दगडफूल. रसायन लागलेले तुकडे अर्थातच डब्यात परत जाता कामा नयेत.

आता हे लाल चकतीवर करायचं. पोटॅशचा थेंब लावताच लाल चकती जांभळी होते आणि नवखा माणूस हरखतो. इथे थांबायला हवं. क्लॅडोनियाच्या लाल टोपीतलं ऱ्होडोक्लॅडोनिक आम्ल पोटॅशनं जांभळं होतं. रॅम्बोल्डियाचा लाल जांभळा होतो. कॅलोप्लाकाचा केशरी, जो पॅरिएटिन या रंगद्रव्यामुळे असतो, तोही किरमिजी-जांभळा होतो. आणि जी शैवाकच नाही त्या नेक्ट्रियाच्या गोळ्याही पोटॅशनं गडद जांभळ्या होतात. ही सगळी द्रव्यं रसायनाच्या दृष्टीनं एकमेकांची भावंडं किंवा शेजारी, म्हणून उत्तर एकच येतं. त्या जांभळ्या रंगातून कळतं ते इतकंच, की हा लाल गाजराच्या जातीचा नाही. म्हणजे ट्रेंटेपोलिया बाद झालं. यापलीकडे चकतीवरचा थेंब काही सांगत नाही. थेंब टाकायचा तो चकतीच्या बाजूच्या पापुद्र्यावर.

हीमॅटोमाचा पापुद्रा पोटॅशनं पिवळा होतो. रॅम्बोल्डियाच्या काही नमुन्यांत पापुद्रा आधी पिवळा, मग मिनिट-दोन मिनिटांत रक्तासारखा लाल होतो. तो नॉरस्टिक्टिक आम्लाचा परिणाम आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या थेंबात लाल सुयांचे झुपके तयार होताना दिसतात. हे दृश्य एकदा तरी बघावं, पुस्तकातल्या वर्णनानं त्याची कल्पना येत नाही. पण इथे सालच दगा देते. हिरडा, ऐन, खैर यांच्या सालीत टॅनिन भरपूर. पातळ पापुद्र्यातून पोटॅश खाली झिरपलं की सालीचाच तपकिरी-लालसर रंग वर येतो आणि तो शैवाकाचा म्हणून नोंदवला जातो. उपाय साधा. पापुद्र्याचा टाचणीच्या डोक्याएवढा कण ब्लेडनं सुटा करायचा, काचपट्टीवर ठेवायचा, काचेखाली पांढरा कागद, आणि थेंब त्या कणाला. शेजारी सालीचा तेवढाच कण ठेवून त्यालाही थेंब द्यायचा. दोन्हींचा रंग एकच आला तर तो सालीचा. तपासणीत हा सालीचा कण वगळणं ही सर्वांत मोठी चूक आहे.

जातीपर्यंत जायचं तर मात्र चकती कापावी लागते. चकती पाण्यानं भिजवून दोन-तीन मिनिटं थांबावं. कोरडी चकती चुरा होते, फार भिजली तर ब्लेडखाली दबते. दाढीचं नवं ब्लेड मोडून अर्धं करावं, चकतीच्या मधोमध उभे काप घ्यावेत, दहा-पंधरा घेतले तर दोन कामाचे निघतात. काप पाण्याच्या थेंबात, वर आच्छादक काच. आधी पाण्यातच बघायचं, पोटॅश नंतर आच्छादक काचेच्या एका कडेनं सोडायचं आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ओढून घ्यायचं. उलट क्रमानं केलं तर रंगद्रव्य आधीच विरघळून जातं. चारशेपट मोठं करून बघितलं की कडेत हिरव्या गोल पेशी आहेत की नाहीत हे दिसतं आणि पांढऱ्या कडेचा प्रश्न कायमचा सुटतो.

बीजाणू दिसले की काम झालं असं म्हणायला हरकत नाही. हीमॅटोमाचे सुईसारखे लांब, आडव्या पडद्यांनी अनेक खणांत विभागलेले. रॅम्बोल्डियाचे लहान, लंबगोल, एकाच खणाचे. कॅलोप्लाकाचे दोन टोकांना दोन पोकळ्या आणि मध्ये बारीक नळी, डंबेलसारखे. लेट्रुइटियाचे मोठे, पुष्कळ खणांचे. रंगावरून सगळी सारखी दिसणारी ही मंडळी बीजाणूंत इतकी वेगळी आहेत की एकाच्या जागी दुसरं घालायला वाव राहत नाही. मोजमाप घ्यायचं तर डोळ्याच्या भिंगातली मोजपट्टी आधी प्रमाणित करून निदान वीस बीजाणू मोजावेत, आणि पिशवीबाहेर पडलेले, पक्व झालेलेच मोजावेत. बीजाणू एकही दिसत नसेल तर बहुतेकदा चकती कोवळी निवडलेली असते. दुसरी कापा. चार-पाच कापूनही नसतील तर तो नमुना जातीपर्यंत नेण्याचा हट्ट सोडावा. प्रजातीवर, म्हणजे जातीच्या वरच्या पायरीवर (हीमॅटोमा, क्लॅडोनिया), थांबणं कमीपणाचं नाही. भारतीय शैवाकांवर ज्यांनी आयुष्य घातलं, त्या लखनौच्या डी. डी. अवस्थींपासून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या पटवर्धन आणि माखिजांपर्यंत सगळ्यांची शिस्त हीच, की कापल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय नाव नाही.

नमुना घेण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. दाजीपूरचं जंगल १९५८ पासून अभयारण्य आहे, आज ते राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखलं जातं आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे. तिथून वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय वाळकी काडीही उचलायची नाही. फोटो काढा, भिंगानं बघा, फांदी होती तशी ठेवा. नमुने घ्यायचे ते मालकाला विचारून शेताच्या बांधावरून, परसातल्या आंब्या-फणसाच्या पडलेल्या फांद्यांवरून, कुंपणाच्या मोडक्या खांबावरून. तेही फांदीचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा, जिथे पापुद्रा आणखी शिल्लक राहील अशा ठिकाणाहून. पापुद्रा वर्षाला काही मिलिमीटरच सरकतो. तळहाताएवढा डाग दिसला तर तो शाळेत जाणाऱ्या पोरापेक्षा मोठा असू शकतो.

फोटो चार हवेत: फांदी जशी पडली तशी, पापुद्रा मोजपट्टीसह, चकत्या जवळून, कोरड्या, आणि त्याच चकत्या पाणी फवारल्यावर. ओला झाला की राखाडी पापुद्रा हिरवट होतो, कारण वरचा थर पारदर्शक होऊन खालचं शैवाल दिसतं. ओल्याचा एकच फोटो असला की पुढचा माणूस रंग चुकीचा वाचतो.

घरी आणल्यावर नमुना सावलीत, वर्तमानपत्रावर दोन-तीन दिवस सुकू द्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला तर कोल्हापूरच्या पावसाळी हवेत दोन दिवसांत त्यावर बुरशी चढते, आणि मग शैवाकाचं कवक आणि वरची बुरशी यांतला भेद करण्यात आठवडा जातो. सुकला की कागदाच्या घडीच्या पाकिटात ठेवायचा. लाकडातल्या किड्यांसाठी पाकीट घट्ट पिशवीत घालून तीन-चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवलं की पुरतं.

लाकूडफाटा गोळा करू नये असं कोणाला सांगणं या भागात शोभणार नाही; ज्याची चूल त्यावर पेटते त्यालाच ते विचारावं. पण देवराईत वाळकं लाकूड न्यायचं नाही हा जो जुना दंडक राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगडच्या गावांनी पाळला, त्यानं या जीवांना जागा ठेवली. जिथे पडलेलं झाड पडल्या जागी कुजतं, तिथे लाकडाच्या तिन्ही पायऱ्या एका नजरेत दिसतात, साल असलेली, साल गेलेली आणि चुरा झालेली. बागेत किंवा शेतातही एखादा जुना बुंधा, एखादा मोडका खांब उन्हात उभा राहू द्यायला काही खर्च येत नाही.

पाकिटावर काय लिहायचं ते शेवटचं. तारीख, गाव आणि तालुका, समुद्रसपाटीपासूनची उंची, फांदी कोणत्या झाडाची, साल होती की उघडं लाकूड, लाकूड टणक की मऊ, फांदी पडलेली की झाडावरच वाळलेली, ठिपके वरच्या बाजूला की खालच्या, उजेड किती. चकतीला पांढरी कड आहे की नाही. पापुद्र्यावर पोटॅश, पापुद्र्यावर ब्लीच, सालीवर पोटॅश, तिन्हींचे रंग वेगवेगळ्या ओळींत. झाड ओळखलं नसेल तर ‘झाड अनोळखी’ असं लिहायचं, अंदाजानं जांभूळ लिहायचं नाही. नाव पेन्सिलीनं, कारण शाई फरशीवर सांडलेल्या एका तांब्या पाण्यानंही पसरते, आणि नाव उद्या बदलणारही असतं.